खारवलेल्या तंगडीच्या शिट्ट्या

ऊर्बानोचा हिशेब सरळ होता. नाटकगृहाचा मालक दोन गवयांपैकी एकच ठेवणार होता. दुसरा गवई फीर्मिनो प्रयोगात पडला, तर पुढचा हिवाळाभर ऑपेरा ऊर्बानोचा. नाही पडला, तर ऊर्बानोने मुकाट मामाच्या चीजच्या कारखान्यात दूध ढवळायला जायचे. डुकराच्या एका खारवलेल्या तंगडीत हिवाळा मिळत असेल, तर सौदा महाग नव्हता.

फीर्मिनोची शिट्ट्यांनी हुर्यो उडवावी म्हणून तंगडी त्याने आल्चीदे न्हाव्याकडे पोचवली. आमच्या पार्मा शहरातल्या नाटकगृहात खालच्या मखमली खुर्च्यांत माणसे दागिने दाखवायला बसतात. गाणे ऐकतो तो सगळ्यात वरचा, स्वस्त तिकिटांचा आमचा माळा. आल्चीदे आमचा वस्ताद. त्याने बोटे तोंडात घालून शिट्टी मारली की गवई संपला.

तंगडी आम्ही प्रयोगाआधीच फस्त केली. तिथेच फसलो. कारण फीर्मिनो असा गायला, की देल्मो खाटीक मुसमुसू लागला.

"वस्ताद, मारा की शिट्टी!" मी म्हणालो.

"तोंड उघडत नाही रे."

"खाताना बरं उघडलं होतं!"

"खाल्लंय ते फेडू. पण या सुरावर शिट्टी मारली तर माझी आई थडग्यातून उठून कान उपटेल."

एवढ्यात खाली एका बाईने सूर विरायच्या आतच टाळी वाजवली. "ए बये, घरी जाऊन कोंबड्या हाकल!" सगळा माळा खवळला.

मग ऊर्बानो रंगमंचावर आला. आमच्याकडे डोळे वटारून गाऊ लागला आणि रागाच्या भरात दुसऱ्याच ओळीला सूर घसरला. घसरलेला सूर ऐकून गप्प बसणे आमच्या रक्तात नाही. आल्चीदेची बोटे आपोआप तोंडात गेली. पाठोपाठ सगळ्यांची.

"अहो वस्ताद, हे आपलं गिऱ्हाईक!"

"म्हणून तर मापात मारत नाही!"

"आधी शिकून ये, रेड्या!" देल्मो ओरडला, आणि अख्ख्या माळ्याने ती ओळ त्याला नीट गाऊन दाखवली.

प्रयोगानंतर ऊर्बानोने आल्चीदेला मागच्या दाराशी गाठले. "तंगडी मी त्याच्यासाठी दिली होती!"

"अरे बाबा, तो कुठे चुकला? तू चुकलास. माल पडून राहिला असता, तुला दिला."

तर तंगडी गेली ऊर्बानोची, शिट्ट्या खाल्ल्या ऊर्बानोने, हिवाळाही त्याचाच गेला. फीर्मिनोला दमडीचाही खर्च पडला नाही. आणि आम्ही? एवढे खारट खाऊन ओरडलो, त्याबद्दल दुसऱ्या दिवशी सगळ्या माळ्याचा घसा बसला.