एवढासा तुकडा

मी एक जुना, बुटका फ्रायपॅन आहे. मित्रांनो, हल्ली माझ्यात बिनदिक्कत पाव भाजतात. तुम्ही म्हणाल, त्यात चिडण्यासारखं काय? सांगतो.

कारखान्यात गोल पत्रा दाबून मला आकार दिला आणि दोन रिव्हेट ठोकून मूठ बसवली. त्यातला एक रिव्हेट वाकडा बसला. त्याच्या फटीत काही ना काही अडकायचं आणि घासताना बोलणी मला बसायची, ठोकणाऱ्याला नाही.

बिट्टी सात वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं, की गव्हातलं ग्लुटेन हिला मुळीच चालणार नाही, कणभर पोटात गेलं तरी त्रास होईल. त्याच संध्याकाळी तिच्या आईने मला विकत आणलं आणि मुठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. लाल ठिपका म्हणजे फक्त बिट्टीचं. पाच वर्षं मला गव्हाचा कण शिवला नाही. त्याचा मला गर्व होता.

गेल्या वर्षी ही मंडळी मला घरी ठेवून समुद्रावर गेली. तिथल्या आचाऱ्याने सूपमध्ये गहू नसल्याचं छातीठोकपणे सांगितलं. नंतर म्हणाला, "गहू कुठे होता? चमचाभर मैदा होता." मैदा काय झाडाला लागतो? बिट्टीने चार दिवस पोट धरून खिडकीतून समुद्र पाहिला.

म्हणून यंदा त्यांनी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं आणि टॉवेलात गुंडाळून मलाही नेलं. बिट्टी वर्षभरात पोहायला शिकली होती. तिला एकदा समुद्रात पोहायचं होतं, बस्स.

पण लोक ऐकतील तर शपथ! घरमालकीणबाई बिस्किटं घेऊन आल्या. "एक खा गं, एवढ्याशाने काय होतंय?" आइस्क्रीमवाल्याने कोन नको म्हटल्यावर कपात दिलं, आणि वरून हौसेने कोनाचाच चुरा भुरभुरला. बिट्टीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी शेगडीवर नसतानाही तापलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, यंदा सोबत आलेली बिट्टीची आत्या सगळ्यांच्या आधी उठली. तिला भूक लागली होती आणि त्या घरातला दुसरा पॅन खरकटा पडला होता. तिने पावाला लोणी लावून तो माझ्यात ठेवला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. फार तर करपवता येतं, तेही धड जमलं नाही. पाव मस्त खरपूस झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मला फडक्याने पुसून आत्याने माझ्यातच बिट्टीसाठी ऑम्लेट केलं.

बिट्टी पोहायचे कपडे घालूनच आली. ऑम्लेट काढायला तिने माझी मूठ धरली आणि थबकली. वाकड्या रिव्हेटच्या फटीत पावाचा करपलेला कण होता.

"आत्या, यात पाव भाजलास?"

"अगं, एवढासा तुकडा होता! पुसून घेतलाय मी."

"एवढ्याशानेच मागच्या वर्षी चार दिवस झोपून होते मी."

आत्याचा चेहरा उतरला. बिट्टीने दोन केळी खाल्ली आणि ती समुद्राकडे पळाली. खिडकीतून मला तिचं डोकं लाटांत वर-खाली होताना दिसत होतं. ज्या फटीपायी मी जन्मभर बोलणी खाल्ली, तिनेच तिचा दिवस वाचवला.

मला मात्र कोणी वाचवलं नाही. कितीही घासलं तरी आईला खात्री वाटेना. घरी आल्यावर तिने माझा ठिपका पुसला आणि मला आत्याला देऊन टाकलं. चूक कोणाची आणि घर सुटलं कोणाचं!

मागच्या रविवारी बिट्टी आत्याकडे आली. आत्याने कपाटातून कोरा पॅन काढला. त्याच्या मुठीवर लाल ठिपका होता. आत्याचे यजमान, म्हणजे काका, पाव घेऊन पुढे सरसावले. "एवढा एक तुकडा भाजून घेतो."

"हात लावू नका त्याला!" आत्या कडाडली. "एवढासासुद्धा नाही!"

काका मुकाट्याने माझ्याकडे वळले. त्या दिवशी मी पाव न कुरकुरता भाजला.

मित्रांनो, कोणी ताटातलं 'नको' म्हटलं, तर ते नखरे समजू नका. आत्याला हे कळायला एक पॅन खर्ची पडला. तुम्हाला तो खर्ची न घालता कळावं, एवढंसंच मागणं आहे माझं.