खाट तीनची तिसरी हाक

महिनाभर आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये तारखेचीच चर्चा होती. कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं की कॉम्प्युटरच्या तारखा उलटणार, मग वीज जाणार, बँका बंद पडणार, दवाखान्यातली यंत्रं जागच्या जागी थांबणार. रक्त शुद्ध करून घ्यायला चार-चार तास खाटेवर पडून राहणाऱ्या माणसांना वेळच वेळ. ती एकमेकांना घाबरवत बसायची आणि मी सगळ्यांना झापायची. मी लिडिया भिंगारदिवे, इथली सगळ्यात जुनी सिस्टर. फटकळ म्हणून माझं नाव घोडेगावपर्यंत पोचलेलं आहे.

सहा फेब्रुवारीला, शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर तारीख आली २३ जून २००६. वार शुक्रवारच होता, म्हणून माझं तिकडे लक्षच गेलं नाही. लक्ष गेलं ते स्पीकर बोलला तेव्हा.

"गोरक्षनाथ तांबे, खाट एक."

आवाज माझाच होता. तेहेतीस वर्षांच्या लिडियाचा, स्वच्छ आणि जरा तोऱ्यातला.

सेंटर नवीन होतं तेव्हा नंबर पुकारला की कुणी जागचं हलायचं नाही. माणसं नावालाच ओ द्यायची. म्हणून त्या वेळच्या डॉक्टरांनी माझ्याकडून एकेकाचं नाव बोलून घेऊन यंत्रात भरलं. पाच-पाच मिनिटांनी तीन हाका. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही तर 'गैरहजर' दाबायचं आणि खाट पुढच्याला द्यायची. हा नियम माझाच. पुढे मी नावं भरणं सोडून दिलं, आणि आता नुसती घंटा वाजते.

गोरक्षनाथ जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

मी नगरला नॅथनला फोन लावला. आमची यंत्रं तोच बघतो.

"लिडियामावशी, छपरावरचा डबा उपग्रहाकडून वेळ घेतो," तो म्हणाला. "तो नुसते आठवडे मोजतो. एक हजार चोवीस झाले की परत शून्य. पूर्ण आठवडे मागं गेला, म्हणून वार जुळला आणि यंत्र त्या दिवसाचीच यादी पुकारतंय. मला यायला दुपार होईल. तोवर हाका संपू द्या, गैरहजर दाबा, खाट मोकळी होईल. त्याआधी यंत्र चालू होणार नाही."

खाट एक, दोन आणि चार मी अशाच मोकळ्या केल्या. तिघंही केव्हाच गेलेले. गैरहजर, गैरहजर, गैरहजर. आजचे पेशंट त्या खाटांवर लावले. हसत हसत केलं, खोटं कशाला सांगू.

अकराला दहा कमी असताना रतनबाई लेकीला जवळजवळ उचलूनच घेऊन आल्या. अश्विनी अठरा वर्षांची. ताप आल्यामुळे मंगळवारचं तिचं डायलिसिस चुकलं होतं. चेहरा सुजलेला, धड वाक्य बोलता येईना.

"बाजारच्या टेम्पोंनी रस्ता अडविला वो, सिस्टर," रतनबाई म्हणाल्या. "म्हशीच म्हशी. पोरीला लई दम लागलाय."

तिचं नाव घालायला गेले तर कॉम्प्युटर घेईना. त्याच्या लेखी ही पोरगी अजून जन्मलीच नव्हती. मी तिचं जन्मसाल वीस वर्षांनी मागं ढकललं, तेव्हा घेतलं. खाट तीन तेवढी राहिली होती, त्या खाटेची पाळी अकराची.

बरोबर अकराला स्पीकर बोलला.

"एलिया भिंगारदिवे, खाट तीन."

एलिया माझे मिस्टर.

२००६च्या त्या शुक्रवारीही घोडेगावचा जनावरांचा बाजार होता. त्यांची बस त्यात अडकली. मी इथं बसून त्यांच्या तीन हाका होऊ दिल्या. नवऱ्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून एक मिनिटही जास्त थांबले नाही. गैरहजर दाबलं, खाट पुढच्याला दिली. ते अकरा वीसला आले. मी रजिस्टरमध्ये लिहीत होते, मान वर केली नाही.

"पाळी गेली का गं?"

"गेली. नियम सगळ्यांना सारखा."

"बरं. मंगळवारी येतो," म्हणाले. रविवारी पहाटे गेले.

अकरा पाचला दुसरी हाक झाली. अकरा दहाला तिसरी. पडद्यावर 'गैरहजर'चं बटण उजळलं आणि माझं बोट काही केल्या पुढे जाईना. आज थांबावं, एवढंच मनात होतं. दहाच मिनिटं. बस येतच असेल. मला माहीत होतं हा वेडेपणा आहे, आणि तरी मी दाराकडे बघत बसले होते.

"सिस्टर, काय बघताय तिकडं? कोन येनार हाय?" रतनबाई माझ्या अंगावर ओरडल्या. "आवो, पोरीचे व्हट निळे पडले!"

अश्विनीनं माझ्या पदराचं टोक धरलं होतं. तिच्या हातात जोर नव्हता.

अकरा चौदा. मी बटण दाबलं. दुसऱ्यांदा.

पुढची पाच मिनिटं हात आपोआप चालत होते. सुया, नळ्या, क्लॅम्प. यंत्र फिरू लागलं, पोरीचं रक्त नळीतून निघालं, तिच्या नाकाला ऑक्सिजन लावला. मग मी टेबलाशी येऊन रजिस्टर उघडलं.

दाराजवळ आमचा वजनकाटा आहे. येणारा प्रत्येक पेशंट आधी त्याच्यावर उभा राहतो. तो टिक् करून वाजला. पडद्यावर ओळ आली: एलिया भिंगारदिवे, ६१.४ किलो, उशिरा. घड्याळात अकरा वीस झाले होते.

या वेळी मी मान वर केली.

काट्यावर कुणी नव्हतं. आकडे मात्र लाल पेटले होते, ६१.४.

"पाळी गेली हो," मी म्हणाले. "माझं चुकलं. पण तुम्ही आज जाऊ नका. थांबा इथंच."

रतनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि लेकीचा हात घट्ट धरला.

तीनला नॅथन आला. त्यानं तारीख दुरुस्त केली, पडद्यावर २०२६ आलं. काट्यावरचा आकडा काही हलला नाही; बाकीच्यांना मी वजनाशिवायच घरी सोडलं होतं. "जुनी नोंद वर आली असेल," तो आधी म्हणाला. मग काट्याजवळ उकिडवा बसला आणि वायर चाचपून पाहिली. "पण मावशी, काटा कॉम्प्युटरला आकडा पाठवतो. कॉम्प्युटर काट्याला पाठवत नाही."

सव्वातीनला अश्विनीचं संपलं. ओठांवर रंग आला होता, भूक लागली म्हणाली. घरी जाण्याआधी पुन्हा वजन घ्यावं लागतं. ती आईच्या आधारानं काट्यापाशी गेली आणि एकदम थांबली.

मी उठून तिच्या शेजारी उभी राहिले.

"अहो," मी म्हणाले, "उतरा आता. पोरीला वजन करायचंय."

आकडा हळूच शून्यावर आला.