पाच उपवास आणि चौकातला कॅमेरा

"काय वं हीराअक्का, तुना फोनमा कोंबड्या पाळ्यात का?" तानुबाईंनी कुंपणाच्या भिंतीवरून डोकं काढून विचारलं.

चाललं होतं तसंच. ओट्यावर ठेवलेला हीराबाईंचा फोन टुकटुक, टुकटुक करत जागच्या जागी सरकत होता. जैनांच्या आठ दिवसांच्या पर्युषणाचा सहावा दिवस. हीराबाईंचं एकासणं दुपारीच आटोपलेलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं ते जेवून झालेलं. आता सूर्य बुडायच्या आत स्थानकात, म्हणजे उपासनेच्या जागी, जाऊन दिवसभराच्या चुकांची कबुली द्यायला प्रतिक्रमणाला बसायचं, एवढंच काम उरलं होतं. त्या उकळून गार केलेलं पाणी तांब्यात गाळत होत्या. हात पुसून त्यांनी चष्मा लावला आणि फोन उचलला.

पिंप्राळ्यातल्या त्यांच्या कॉलनीचा ग्रुप पेटला होता. वर जाऊन जाऊन त्यांनी मूळ शोधलं. एक चलचित्र होतं. चौकातल्या खांबावरच्या कॅमेऱ्याचं. कचोरीची गाडी, कढईतून निघणारी वाफ आणि गाडीला टेकून उभी असलेली एक बाई. डोक्यावरचा पदर घसरलेला. डोळे मिटून, अगदी मन लावून कचोरी खात होती. चेलना. त्यांची सून.

खाली चंदनने लिहिलं होतं, "मोकाट गाय शोधत होतो, गाडीवर तपस्वी सापडल्या! अठ्ठाईचं पारणं कचोरीवर?" आणि पुढे हसून हसून रडणारी पिवळी तोंडं.

हीराबाई मटकन ओट्यावर बसल्या.

आता चंदन म्हणजे कोणी परका नव्हे. चौकात त्याचं मोबाइलचं दुकान, ग्रुप त्याने काढलेला, कॅमेऱ्याचा पडदाही त्याच्याच दुकानात. आणि तो कॅमेरा लावा, लावा म्हणून वर्षभर त्याच्या मागे लागलं कोण होतं? हीराबाईच. त्यांच्या फाटकातल्या गुलाबाच्या दोन कुंड्या कोणीतरी पळवल्या, तेव्हा त्या घरोघर फिरल्या होत्या. "कॅमेरा असता तर चोराची हिंमत झाली असती का?" कॅमेरा आला. कुंड्या काही आल्या नाहीत.

आणि चेलनाची अठ्ठाई, म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण न घेता नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं व्रत. ते तरी ग्रुपवर कोणी जाहीर केलं होतं? तेही हीराबाईंनीच. पहिल्याच दिवशी. सुनेचा फोटो, हात जोडलेला, आणि खाली, "माझ्या सूनबाईची पहिली अठ्ठाई. सर्वांचे आशीर्वाद असावेत." शंभरेक हात जुळले होते त्यावर. धुळ्याहून चेलनाचे माहेरचे सन्मानाला येणार होते.

फोन पुन्हा टुकटुकला. रतिलालभाई. इथल्या जैन संघाचे मंत्री, स्थानकाच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला ते. "हा धर्माचा तमाशा आहे. ज्यांना झेपत नाही त्यांनी नाव घेऊ नये. मी तर म्हणतो स्थानकाच्या दारावरसुद्धा कॅमेरा बसवा. कोण किती वेळ सामायिकाला बसतो, कळू द्या समाजाला."

त्याखाली प्रमिलाबाई. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या. "एका बाईच्या खाण्याचं चित्रण तिला न विचारता शंभर घरांत पाठवणं हा धर्म आहे का? खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे."

"मॅडम, चौक सार्वजनिक आहे," चंदन.

"चौक सार्वजनिक आहे, चेलना नाही," प्रमिलाबाई.

"ज्याला काही लपवायचं नाही त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला?" पुन्हा चंदन.

मग जे पेव फुटलं! कोणी राज्यघटना काढली, कोणी शास्त्र काढलं. कोणी म्हणे परदेशात असं चालतं, कोणी म्हणे परदेशात जा मग. एकाने मध्येच फ्रिज विकायला काढला.

भिंतीवर हनुवटी टेकवून तानुबाई उभ्याच होत्या. त्या पारोळ्याकडच्या शेतकरी घरातल्या, बोलणं अहिराणी. हीराबाईंचं माहेरही पारोळ्याचंच, त्यामुळे दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं.

"बठ्ठी कॉलनी दखी राह्यनी," तानुबाई म्हणाल्या. सगळी कॉलनी बघत होती. "मना नातूनं बी दखाडं. कचोरीच खादी ना माय? कोनं घर त नई फोडं."

"तुला नाही समजायचं, तानू."

"नई समजत त नई. पन त्या चंदनले इचार, त्याना घरमा न्हानीले कडी शे का नई? काय लपाडस तो आतमा?"

एवढ्यातही हीराबाईंना हसू फुटलं. पण ते ओठावरच विरलं, कारण फाटकाशी स्कूटर कचकन थांबली. निर्मलकुमार, त्यांचा मुलगा, दाणा बाजारातलं डाळीचं दुकान नोकरावर टाकून आला होता. मागून कोणी लागल्यासारखा आत शिरला.

"मम्मी, कोणाला काही बोलली नाहीस ना? बोलू नको. मी रस्ता काढलाय." त्याने आवाज खाली आणला. "सांगून टाकायचं, हा व्हिडिओ खोटा आहे. एआयने बनवलाय. आजकाल कोणाचंही तोंड कोणालाही लावतात. लोक लगेच मानतात."

"मानतील?"

"उलट चंदनच अडकेल! माफी मागेल बघ."

खोटं कशाला सांगू, हीराबाईंना ते आवडलं. क्षणभर त्यांनी सगळं डोळ्यांपुढे पाहिलंसुद्धा. चंदन हात जोडतोय, रतिलालभाई मान खाली घालतायत आणि परवा चेलनाला माळ घालून मिरवत आणलंय. एक वाक्य टाकायचं, बस. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या मुंहपत्तीवर गेली, प्रतिक्रमणाला तोंडावर बांधायच्या पांढऱ्या पट्टीवर. आतून एका हुंदक्याचा आवाज आला आणि त्या उठल्या.

चेलना पलंगाच्या कडेला बसली होती. बॅगेत दोन साड्या टाकलेल्या. "मम्मीजी, मी धुळ्याला जाते. परवा संवत्सरीला मला स्थानकात पाय ठेवता येणार नाही."

हीराबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "आज सकाळी पच्चक्खाण कितीचं घेतलंस?" पच्चक्खाण म्हणजे साध्वीजींपुढे घ्यायचा उपवासाचा नेम.

चेलनाने डोळे पुसले. "घेतलंच नाही. काल पाचवा उपवास झाला. आज सकाळी उठले तर भिंत फिरत होती. साध्वीजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'पाच झाले, फार झाले. समाधी सांभाळ, मन शांत ठेव.' तिथेच बाजूच्या काकूंनी मुगाचं पाणी दिलं. माझं पारणं सकाळीच झालं, मम्मीजी. मग चार वाजता दूध आणायला गेले आणि ती कढई..." तिने तोंड झाकलं. "इतका वास सुटला होता! राहवलंच नाही."

"मग घरी येऊन मला का नाही सांगितलंस?"

चेलना बॅगेतल्या साडीचा काठ दुमडत म्हणाली, "तुम्ही ग्रुपवर आठ लिहिलं होतं ना."

हीराबाई खाली बसल्या. दारात उभा राहिलेला निर्मलकुमार उगाच खिसे चाचपू लागला.

अठ्ठाई कोणी एकदम आठ दिवसांची उचलत नाही. रोज सकाळी जायचं, त्या एका दिवसाचं पच्चक्खाण घ्यायचं. आजचा दिवस, बस. उद्याचं उद्या, अंगात बळ असलं तर. जन्मभर हे केलेल्या हीराबाईंनी पहिल्या दिवशीच आठ लिहून टाकले होते. व्रत पाचच दिवसांचं झालं होतं आणि पुरं झालं होतं. मोडली होती ती त्यांनी ग्रुपवर केलेली घोषणा.

त्यांना पाचोऱ्याचं घर आठवलं. त्या तिथे नव्या नवरी म्हणून आल्या होत्या आणि हौसेने अठ्ठाईला बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशीच डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाई तशा कडक, उंबऱ्यावरून हसलेलंही त्यांना चालत नसे. पण त्या दिवशी काही न बोलता त्यांनी पितळी वाटीत मुगाचं पाणी आणलं, दार लोटलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "शाता आहे ना?" उपवास करणाऱ्याला प्रत्येकाने विचारायचा तो प्रश्न. जीवाला सुख आहे ना, आराम आहे ना? गल्लीतल्या बायका भेटायला आल्या, त्यांनीही तेवढंच विचारलं. किती झाले, मोडला का, कोणी चकार शब्द काढला नाही. माणसाचं पोट आणि माणसाचा देव यांच्यामध्ये एक लोटलेलं दार असे, आणि ते ढकलायचं नाही हे शाळेत न गेलेल्या बायकांनाही कळत असे. बरं, तेव्हा लोक काही कमी भोचक नव्हते! पारोळ्याला टपालवाला पोस्टकार्ड आधी स्वतः वाचायचा, मग वाटेत चार जणांना ऐकवायचा, मग घरी द्यायचा. आडतीतल्या एकुलत्या एका टेलिफोनवर बोलायचं तर निम्मा बाजार कान लावून बसायचा. पण तोंडाला तोंड दिसायचं ना. ऐकवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच दारावरून जायचं असायचं.

उन्हं भिंतीवर चढली होती. प्रतिक्रमणाला बसलं की फोनला हात लावायचा नाही. जे करायचं ते आत्ता.

"निर्मल, तो बोलून निरोप पाठवायचा खटका दाबून दे."

"मम्मी, मी सांगतो तसं..."

"पर्युषणात खोटं बोलू? एका कचोरीसाठी? दाब म्हणते ना!"

त्याने दाबून धरला. हीराबाईंनी फोन आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरला आणि तानुबाईंनाही भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं.

"जयजिनेंद्र. मी हीराबाई बोलते. व्हिडिओ खरा आहे. बाई माझी सूनच आहे आणि कचोरी तिने खाल्लीच आहे. चांगली होती म्हणते. आता ऐका. तिने पाच उपवास केले, पाचांचंच पच्चक्खाण घेतलं होतं, आज सकाळी साध्वीजींसमोर पारणं केलं. आठ मी लिहिले होते. माझ्या हौसेने. तो हिशेब माझ्याकडे मागा. रतिलालभाई, तुम्ही स्थानकाच्या दारावर कॅमेरा लावायचं म्हणता. अहो, पच्चक्खाणाच्या पाठातसुद्धा सवलती सांगून ठेवल्यात. जीव घाबरला तर, नकळत घडलं तर. ज्यांनी तो पाठ रचला त्यांना माणसाचं पोट माहीत होतं. तुमच्या कॅमेऱ्यात ती सवलत कुठे बसवणार? आपल्या स्थानकात साध्वीजी माइक वापरत नाहीत, दिवा लावत नाहीत, आणि तुम्ही तिथे वायर ओढायला निघालात! चंदनभाऊ, तुझ्या न्हाणीला कडी आहे की नाही? मग काय लपवतोस आत? कॅमेरा मीच मागितला होता, पण कुंड्यांसाठी मागितला होता, सुनांसाठी नाही. आणि शेवटचं. तासाभरापासून सगळे भांडताय. कायदा आला, धर्म आला, फ्रिजसुद्धा आला. पाच दिवस उपाशी राहिलेल्या पोरीला 'शाता आहे ना' एवढं कोणी विचारलं? मीसुद्धा नाही. आता विचारते, तुमच्या सगळ्यांच्या देखत. चेलना, बेटा, शाता आहे ना?"

निर्मलकुमारचं बोट सुटलं. निरोप गेला.

पलंगावरून बारीक आवाज आला, "आहे, मम्मीजी." आणि भिंतीपलीकडून मोठा, "वा वं माय! तोडी टाकं!"

फोन गप्प झाला. एकही टुकटुक नाही. निर्मलकुमार पडद्याकडे टक लावून बघत होता. "रतिलालकाका टाइप करतायत... थांबले... परत करतायत... थांबले." मग प्रमिलाबाईंचे जुळलेले हात आले. मग आणखी कोणाचे. आणि मग चंदनच्या त्या निरोपाच्या जागी फक्त एक ओळ उरली, निरोप पुसला आहे म्हणून. हीराबाईंनी फोन पालथा घातला, मुंहपत्ती उचलली आणि म्हणाल्या, "चल चेलना. मला अंधारात पायऱ्या दिसत नाहीत." चेलनाने बॅगेतल्या साड्या तशाच ठेवल्या आणि पदर सारखा केला.

चौकातून जाताना दोघी कॅमेऱ्याखालून गेल्या. कचोरीवाल्याने लाजून कढईवर झाकण ठेवलं. "ठेवू नको रे," हीराबाई म्हणाल्या, "धंद्याची वेळ आहे तुझी."

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी नियम लिहून टाकला. चोरी झाली तरच चित्रण उघडायचं, आणि तेही दोन माणसांसमोर. त्यावर वाद झालाच. चंदन दोन दिवस फुगून बसला. पण नियम टिकला.

संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी सकाळी स्थानक गच्च भरलं होतं. धुळ्याची माणसं पुढे बसली होती. रतिलालभाई तपस्व्यांची नावं पुकारत होते, माइक नसल्याने गळ्याच्या शिरा ताणून. "चेलना निर्मलकुमार..." आणि ते अडखळले. हातातल्या कागदावर आठाचा आकडा अगोदरच छापलेला होता.

"पाच!" बायकांच्या बाजूने हीराबाई ओरडल्या.

"किती?" मागच्या भिंतीला टेकलेल्या एका बहिऱ्या आजींनी विचारलं.

हीराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठून उभ्याच राहिल्या. "पाच! पाच उपवास!" आवाज थेट बाहेर चपलांपर्यंत गेला. कोणीतरी "अनुमोदना!" म्हणालं आणि साऱ्या सभेने ते उचललं.

चेलना पुढे गेली. रतिलालभाईंनी माळ हातात घेतली, दोन वेळा खाकरले, आणि माळ देता देता अगदी हळू विचारलं, "शाता आहे ना, बेटा?"

"आहे, काकाजी," चेलना म्हणाली. "कचोरीसुद्धा पचली."

पुढच्या रांगेने ते ऐकलं. हसू तिथून सुटलं ते मागच्या भिंतीपर्यंत पोचलं, आणि बहिऱ्या आजी शेजारणीला कोपराने ढोसून विचारत राहिल्या, "काय म्हणाली गं? काय म्हणाली?"