साहेबांच्या कुंडीतलं रानगाजर

आमच्या बियाणे तपासणी कार्यालयाचा नियम साधा आहे. बियाण्यासाठी लावलेल्या गाजराच्या शेतापासून किलोमीटरभरात रानगाजर फुललेलं दिसलं, की शेत उपटायचं. मधमाशीला घरचं-रानातलं कळत नाही. ती रानटी पराग आणून टाकते आणि पुढच्या पिढीत पांढरी, सुतळीसारखी गाजरं निघतात. माझ्या आत्याच्या अशाच शेताजवळ तेहतीस वर्षांत एकही सापडलं नव्हतं. सापडेल कसं? ती रोज सकाळी बांध फिरून दिसेल ते उपटायची. वाण तिच्या आईचं, दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही.

यंदा सापडलं. आठशे मीटरवर, आमच्या साहेबांच्या खिडकीतल्या कुंडीत! काखेत कळसा नि गावाला वळसा. साहेब त्याला रोज पेल्याने पाणी घालत आणि म्हणत, "काय नाजूक फूल आहे!"

साहेबांनी साहेबांना नोटीस काढली, सही करून घेतली आणि रोप आपोआप उगवल्याचा खुलासा दिला. मग तो खुलासा स्वतःच असमाधानकारक ठरवला. स्वतःला सक्त ताकीद दिली. आणि शेत उपटायचं आत्याचं! हुकूम टाइप करणारी मीच, तिची भाची.

सुनावणीला आत्या आली ती तणतणतच.

"कुंडी तुमची आणि शेत माझं? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"नियम आहे, बाई. रोप रानटी आहे."

"कशावरून? मूळ पाहिलंत?"

कोणीच पाहिलं नव्हतं. फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. शिपायाने रोप उपटून टेबलावर ठेवलं. मूळ पांढरट, पण आत नारिंगी रेघ. आत्याने चाकूने चकती कापली आणि सरळ तोंडात टाकली.

"पुरावा खाल्लात!" साहेब किंचाळले.

"कडू आहे," आत्या चावत म्हणाली, "पण मागून गोडी येते. ही माझ्या आईच्या गाजराची गोडी. माझ्याच शेतातला पराग बाहेर गेलाय."

साहेबांचा चेहरा उजळला. रोप घरचंच, म्हणजे नियम लागू नाही, म्हणजे ताकीदही रद्द. त्यांनी लगेच निकाल सांगितला. शेत वाचलं. मी आनंदाने आत्याला मिठी मारली.

ती मात्र हातातल्या अर्ध्या चकतीकडे बघत होती.

"अगं," ती हळूच म्हणाली, "मग तेहतीस वर्षं मी उपटून फेकली, ती कोणाची होती?"