शिट्टी कोणाच्या देशाची?

मित्रांनो, माझं एक बटण तुटलेलं आहे आणि कॅसेटचं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे, तरी मला ओळखायला तुम्हाला वेळ लागायचा नाही. मी आवाज भरून घेणारा टेपरेकॉर्डर. १९८३ साली गुणवंतरावांनी मला नागपुरात घेतलं आणि मांडीवर बसवून एस.टी.ने अहेरीला आणलं. रस्ता असा की आलापल्लीच्या अलीकडे माझा एक स्क्रू पडला, तो आजवर कोणी बसवला नाही.

गुणवंतराव अहेरीच्या एका कचेरीत जंगलाचे नकाशे काढत. पण त्यांचा जीव अडकला होता एका रशियन संगीतकारात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने सिंफन्या लिहिल्या, म्हणजे शंभरेक वादकांनी मिळून वाजवायच्या मोठ्या रचना. कॉलेजात असताना एक कानावर पडली आणि गुणवंतराव तिथेच गुंतले. अहेरीत तबकड्या कुठल्या मिळायला? म्हणून ते परदेशी रेडिओ केंद्रांना पत्रं लिहीत, कार्यक्रमपत्रिका मागवत. रविवारी संध्याकाळी बुद्धवंदना आटोपली की मला रेडिओसमोर चादरीच्या घडीवर ठेवत. तीच सिंफनी मॉस्कोहून, तीच लंडनहून, तीच बर्लिनहून, तीच दिल्लीहून. मग सगळ्या ताडून पाहायच्या. कोणी घाई केली, कोणाचे नगारे दबले, कोणाची बासरी अर्धा श्वास उशिरा आली.

शेजारच्या गिरजाबाईंना हे काही केल्या पटायचं नाही. "एकच गानं चार डाव काऊन भरता जी?"

"गिरजाबाई, तुमच्या हातची अंबाडीची भाजी अन् तुमच्या सुनेच्या हातची, सारखीच लागते का?"

"सुनेची? तोंडात घालवत नाई!"

"मंग? तसंच हाये हे."

माझ्यात रेडिओची तार जोडायची सोय नव्हती. जाळीमागे एक इवलासा कान, तो रेडिओही ऐकायचा आणि घरही ऐकायचा. त्यातून माझी घडणच अशी, की वाजंत्री मोठी झाली की कान आपोआप आवरायचा आणि ती हळू झाली की आपोआप टवकारायचा. मग कोंबडा, एस.टी.चा भोंगा, फोडणीतली मोहरी, सगळं माझ्या फितीवर. म्हणून टेप सुरू झाली की घरात कोणी बोलायचं नाही, असा नियमच होता. गुणवंतराव स्वतः फाटकाशी उभे राहून गल्लीतल्या पोरांना गप्प करत. तरी काही शिरलंच, तर फीत किती पुढे गेली हे दाखवणारा माझा आकडा टाकून ते वहीत दोष लिहीत. '११२, कुत्रा.' '३०५, चिमीचे हसणे.' मला वाईट वाटायचं. पण ऐकू आलेलं न ऐकल्यासारखं करणं मला जमतच नाही.

चिमी ही त्यांची दीड वर्षाची लेक. तिची आई इंदुताई बी.ए. झालेल्या, आणि काळजीच्या बाबतीत त्यांनी त्यापुढचंही शिक्षण घेतलं असावं. चिमीने दोन घास कमी खाल्ले तरी त्यांच्या ध्यानात राहायचं.

सन ८६ ची दिवाळी आली आणि चिमीच्या छातीत घरघर सुरू झाली. खोकला यायचा, जायचा. दुपारी चांगली खेळायची, संध्याकाळी दमून आईच्या खांद्यावर पडायची. इंदुताईंनी तिला एका डॉक्टरांकडे नेलं. सकाळच्या वेळी चिमी त्यांच्याकडे बघून खुदकन हसली. डॉक्टर म्हणाले, "थंडीचे दिवस आहेत, बाई. पहिलटकरणीला सगळंच मोठं वाटतं." औषध दिलं. पंधरवडा गेला, दुसरं औषध दिलं.

"तू लय टेन्शन घेऊन राह्यली," गुणवंतराव म्हणाले.

"तुम्ही जरा कान लावून तं पाहा."

"पाह्यलं ना. सर्दी हाये."

बर्लिनच्या बासरीचा श्वास पकडणारा हा माणूस! इकडे चिमीला दम लागणं वाढत होतं. आपलाच वहम असेल तर बरं, आणि नसला तर? हा प्रश्न घेऊन त्या दिवसभर घरात वावरत.

डिसेंबरात लंडनहून पत्र आलं. येत्या रविवारी पाचवी सिंफनी पुन्हा होती. अहेरीच्या बाजारात कोरी कॅसेट नव्हती. कचेरीला निघताना गुणवंतराव इंदुताईंना म्हणाले, "ऑक्टोबरातली मॉस्को पुसून टाकू. तिच्यात लय दोष हाये. वहीत पाहून काढून ठेवजो."

दुपारी इंदुताईंनी वही उघडली. '२ नोव्हेंबर, लंडन. हळू भागात बारीक शिट्टी, लहरींचा दोष.' '१६ नोव्हेंबर, बर्लिन. बारीक शिट्टी.' '७ डिसेंबर, दिल्ली. बारीक शिट्टी.' दूरच्या केंद्रांवर अशा शिट्ट्या येतातच, म्हणून गुणवंतरावांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. इंदुताईंचं बोट मात्र तिथेच थांबलं. लंडनलाही तीच, बर्लिनलाही तीच, आणि दिल्लीलाही तीच? एवढे देश एका सुरात शिट्टी कशी वाजवतील?

त्यांनी लंडनची कॅसेट घालून मला चालू केलं. वाजंत्री हळू झाली आणि माझ्यातून ती शिट्टी निघाली, बारीक, थांबून थांबून. त्यांनी मला बंद केलं आणि झोपलेल्या चिमीच्या पाठीला कान लावला. तोच सूर. शिट्टी कुठल्याच देशाची नव्हती, याच घरातली होती.

मग त्या मागे मागे गेल्या. १२ ऑक्टोबरच्या कॅसेटमध्ये कुत्रा होता, भोंगा होता, शिट्टी नव्हती. १९ ऑक्टोबर, मॉस्को. हीच ती पुसायची कॅसेट. तिचा पहिला भाग स्वच्छ. वहीत लिहिलेलं, '२७४, खोकला, कुजबुज.' त्या आकड्यावर चिमीला जोरात ठसका लागला, श्वास अडकल्यासारखा झाला, पाठीवर थापट्या पडल्या. आणि मग माझ्या कानाशीच हळू आवाजात, "बी गेली का वं पोटात? रडू नोको माय, टेप सुरू हाये. निघून जाईन उद्या."

त्याच्यापुढे शेवटापर्यंत शिट्टी होती.

इंदुताईंनी गिरजाबाईंना बोलावलं आणि ते पुन्हा लावलं. गिरजाबाईंनी आपला आवाज ओळखला. "तुमी नळावर गेल्त्या बाई. मी सिताफळ चारून राह्यली होती. ठसका लागला, मंग हासली पोरगी. मले वाटलं बी पोटात गेली. तुमी आल्या तवा टेप सुरू होती, बोलली नाई. मंग इसरूनच गेली. मारा मले."

"मारू कायले? हे डॉक्टरले सांगायले माझ्यासंगं चला."

संध्याकाळी गुणवंतरावांनी ते तीनदा ऐकलं. मग उठून चिमीच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "इंदू, तू सांगून राह्यली होती."

सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही चंद्रपूरला निघालो. चिमी आईच्या मांडीवर, मी गिरजाबाईंच्या. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी मला टेबलावर घेतलं, ठसका दोनदा ऐकला, छातीला दोन्हीकडून नळी लावली. "उजवीकडे हवा कमी जाते आहे. बी पोटात नाही, श्वासाच्या नळीत आहे. बाई, हे घेऊन आलात ते फार बरं केलंत. आजच नागपूरला निघा."

नागपूरच्या दवाखान्यात बी काढायला चिमीला आत नेलं, तो एक तास मी बाकावर पडून काढला. इंदुताईंचा हात माझ्यावर होता. दार उघडलं, नर्सने एका बाटलीत सीताफळाची काळीभोर बी दाखवली. गिरजाबाई रडल्या. इंदुताई रडल्या नाहीत. त्या थेट आत गेल्या आणि लेकीच्या छातीला कान लावून उभ्या राहिल्या. तिथे नुसता श्वास चालला होता, मऊ, सरळ.

मित्रांनो, पुढे घरात नवा मोठा टेपरेकॉर्डर आला. मी कपाटावर गेलो. माझी तक्रार नाही. साऱ्या घराने ज्याला माझा दोष म्हटलं, तोच इंदुताईंनी मन लावून ऐकला, याहून एका यंत्राला काय हवं? त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो. बियांचं फळ लहानग्या बाळाच्या हाताशी ठेवू नका. कोणाला ठसका लागला तर गप्प राहू नका, चालू असलेलं सगळं थांबवा आणि मोठ्यांना सांगा. आणि आईला काही ऐकू येत असेल, तर तिला वेड्यात काढण्याआधी जवळ जाऊन ऐका.

चिमी आता शाळेत जाते. सुटली की धावतच येते, धापा टाकते, दप्तर फेकते. इंदुताई हातातलं काम ठेवून तिच्याजवळ उभ्या राहतात. तिचा श्वास खाली बसेपर्यंत ऐकतात, आणि मग पोळ्या लाटायला आत जातात.