डेडस्टॉक नंबर एकशे सतरा

मी एक खुर्ची बोलतेय. सरकारी खुर्ची. म्हणजे जिच्यासाठी लोक भांडतात ती नव्हे. जिच्यावर बसून लोक डबा खातात ती. माझ्या मागच्या पायावर पांढऱ्या रंगात 'डे. स्टॉ. ११७' असं लिहिलंय. डे. स्टॉ. म्हणजे डेडस्टॉक. कचेरीतल्या टेबल, खुर्च्या, कपाटांची नोंद ज्या वहीत होते तिचं हे नाव. जिवंतपणी अंगावर 'डेड' लिहून घ्यायचं आणि वर हसतमुख राहायचं, हे फक्त आम्हालाच जमतं.

माझा जन्म १९८३ सालचा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमधला. कुंडलिक मिस्त्री नावाच्या सुतारानं मला घडवलं. माणूस अबोल, पण हात बोलका. सागवानाचे चार पाय, पाठीला हलकासा बाक आणि बसायला वेताची विणलेली बैठक. खिळा एकही नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून केलेले. आम्ही तीनशे जणी टेम्पोंत बसून ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत गेलो. पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातला आणि मला कळलं, आता आपण नोकरीला लागलो.

मी आले भाऊंच्या वाट्याला. भाऊ म्हणजे भांडार विभागाचे मुख्य. राहायला नौपाड्यात, कचेरीला चालत यायचे, दहाला पाच कमी असताना माझ्यावर बसायचे. पेन्सिलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत कचेरीत जे जे विकत येई ते त्यांच्या सहीनं. नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि सगळ्यांत लाडका नियम एकच, ज्याचा दर कमी त्याचा माल घ्या.

नऊ वर्षं मी त्यांचा भार सोसला. माणसांच्या काय काय सवयी पाहिल्या म्हणून सांगू! कुणी खुर्चीच्या पाठीला कोट अडकवून चहाला जातो आणि तास तासभर तो कोटच नोकरी करतो. कुणाला विचार करायचा असला की पुढचे दोन पाय हवेत उचलून झुलायचं असतं. भाऊ मात्र सरळ बसायचे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

ब्याण्णव साली माझा वेत फाटला, तसाच बाकीच्या जणींचाही. आधी एक पट्टी तुटली, मग भोकच पडलं. दुरुस्त करायला भाऊंची ना नव्हती, पण वेत विणणारा माणूस कुठल्या यादीत नव्हता आणि नवीन खुर्च्यांचं टेंडर तयार होतं. ज्याचा दर कमी त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. लालभडक, हलक्या, दिसायला छान. आम्हा सगळ्या जणींची रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. त्या लाल बायांचे पाय मात्र दोन वर्षांत फाकले. मग त्या भंगारात गेल्या आणि दुसऱ्या आल्या. त्यांचेही पाय फाकले. भाऊ दर वेळी नव्या खुर्च्यांवर स्वतःच्या हातानं नंबर घालत. त्यांचं अक्षर मोठं वळणदार.

शहाण्णव साली एक पत्र आलं. डेन्मार्कमधलं एक छोटं गाव आणि आमची कचेरी यांनी मिळून काम करायचं ठरलं होतं. विषय, सार्वजनिक पैशानं वस्तू घेताना कशा घ्याव्यात. तिकडून इंगर नावाच्या बाई येणार होत्या. पत्र इंग्रजीत. भाषांतर करायला दिलं गुरुदत्तला. हा भाऊंच्या हाताखालचा तरुण कारकून, हुशार पण भलता घाईचा. पत्रात खरेदीला 'सस्टेनेबल' असा शब्द लावला होता, तो त्यानं डिक्शनरीत पाहिला, पहिलाच अर्थ उचलला आणि लिहून मोकळा झाला, 'टिकाऊ खरेदी'.

झालं. भाऊंनी ते शब्दशः घेतलं. नव्या तीनशे खुर्च्यांचं टेंडर निघायचंच होतं. त्यांनी तीन पुरवठादारांकडून नमुन्याच्या खुर्च्या मागवल्या आणि टिकाऊपणाची परीक्षा ठेवली. परीक्षक म्हणून शिपाई बाबुराव यांची नेमणूक झाली, कारण कचेरीत सगळ्यांत जास्त वजन त्यांचंच. बाबुरावांनी त्या आठवड्यात चहाबरोबर वडापाव वाढवला. कामात कसूर नको म्हणून.

इकडे आमचं भवितव्य ठरत होतं. शेड रिकामी करायची होती. शनिवारी लिलाव. एका बेकरीचे मालक येऊन आम्हाला बोटानं टकटक करून गेले आणि म्हणाले, सुकं लाकूड आहे, भट्टीत छान जळेल. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. नऊ वर्षं लोकांना बसवून शेवटी पावांखाली जळायचं, हे काही मनाला पटेना.

बुधवारी इंगरबाई आल्या. लिलावासाठी आम्हाला बाहेर काढून व्हरांड्यात रचलं होतं. तिथंच दामाजी वाट पाहत होते. हे चेंदणी कोळीवाड्यातले, ठाण्याच्या खाडीत जाळं टाकणारे. सत्तरीचे असतील. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. साहेबांना भेटायचंय म्हणाले. मीटिंग आहे, थांबा, असं त्यांना सांगितलं गेलं.

कोळ्याचे हात मोकळे राहत नाहीत. दामाजींनी इकडंतिकडं पाहिलं, मला ओढून घेतलं, उलटी केली, सुलटी केली. सांधे हलवून पाहिले आणि "बाय, हाडं तं चांगली हायेत तुजी," असं हळूच म्हणाले. चार वर्षांत माझ्याशी इतकं प्रेमानं कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून अंबाडीची दोरी आणि जाळं विणायची लाकडी सुई काढली, जमिनीवर मांडी घातली आणि माझ्या भोकावर विणायला घेतलं. त्यांची गाठ वेगळीच होती. वजन पडलं की आणखी घट्ट बसणारी. दोन तासांत माझी बैठक तयार झाली. दोरी किंचित टोचरी होती, पण तक्रार कोण करतंय?

तेवढ्यात परीक्षा सुरू झाली. इंगरबाई, भाऊ, गुरुदत्त सगळे व्हरांड्यात आले. बाबुराव गंभीर चेहऱ्यानं पहिल्या नमुन्यावर बसले. तिचे पाय हळूहळू फाकले. दुसरी कुरकुरली. तिसरीनं जीव मुठीत धरून तग धरला. शेजारीच मी उभी होते. बाबुरावांना वाटलं, मीही नमुनाच. बसले. जरा खाली दबले, जरा वर आले, आणि टेकून डोळेच मिटले.

इंगरबाई हसल्या आणि हे चाललंय काय, असं त्यांनी विचारलं. गुरुदत्तनं अभिमानानं टिकाऊ खरेदीची परीक्षा समजावून सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला, पण रागावल्या नाहीत. मग त्या सावकाश बोलत गेल्या आणि गुरुदत्त लाल होत होत मराठीत सांगत गेला. वस्तू टिकली पाहिजे हे खरंच. पण ती आली कुठून, बनवणाऱ्याचं काय झालं आणि मोडल्यावर ती जाते कुठं, हेही घेणाऱ्यानंच पाहायचं. शेवटी त्यांनी भाऊंना विचारलं की तुमच्या मोडलेल्या लाल खुर्च्या कुठं जातात?

"भंगारवाला नेतो," भाऊ म्हणाले. "त्यानंतर आमचा संबंध नाही."

दामाजी उठले. गोणपाट सोडलं. आत लाल प्लॅस्टिकचा एक पाय होता, शेवाळानं माखलेला. त्यांनी तो भाऊंच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊसाहेब, यो तुमचा पाय. माजे जाल्यान घावला. खारीन असं लय हायेत. मासा कमी नि खुर्च्या जास्ती. जालं फाटतं."

भाऊंनी रुमालानं शेवाळ पुसलं. खाली नंबर होता, डे. स्टॉ. ४०२. वळणदार अक्षरात. भाऊंनी त्या नंबरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अक्षर माझंच आहे."

त्यानंतरचे दोन दिवस भाऊ, गुरुदत्त आणि इंगरबाई एका टेबलाला चिकटून होते. बाईंनी त्यांच्या गावाचे कागद काढले आणि कबूलही केलं, की स्वस्त म्हणून लांबच्या खुर्च्या घेऊन दर तीन वर्षांनी फेकायचा उद्योग त्यांचंही गाव करतं. चुका दोन्हीकडे सारख्याच निघाल्या, त्यामुळे काम लवकर झालं. तोड मात्र भाऊंनी काढली. टेंडर खुर्चीचं काढायचंच नाही. दहा वर्षं बसण्याचं काढायचं. जो दहा वर्षं बसवील, मधे मोडलं तर दुरुस्त करील आणि शेवटी मोडकं परत नेईल, त्यात ज्याचा दर कमी त्याला काम.

मोठ्या साहेबांनी कागद वाचून विचारलं, "भाऊ, हे नियमात बसतं का?"

"साहेब, बसण्याचंच तर टेंडर आहे," भाऊ म्हणाले.

शुक्रवारी सही झाली आणि लिलाव रद्द झाला. नमुने आणणारे लाल खुर्चीवाले तिघेही दहा वर्षांचं नाव ऐकून परत फिरले. काम मिळालं कोळीवाड्यातल्या मंडळाला. दामाजी, त्यांची सून शेवंती आणि आणखी अकरा बाया व्हरांड्यात बसून आमच्या बैठका विणू लागल्या, आणि मी पुन्हा भाऊंच्या टेबलाशी गेले. गप्पा अशा रंगत, की कारकून फायली घेऊन मुद्दाम तिकडून जात. पुढं डेन्मार्कहून पत्र आलं, तुमच्या गाठीचं चित्र पाठवा, आमच्या शाळेच्या खुर्च्या विणायच्यात. शेवंतीनं चित्राबरोबर विणलेला एक तुकडाच पाठवून दिला. कागदावरून गाठ येत नसते, म्हणाली.

खाडी एका टेंडरनं स्वच्छ होत नाही, हे मलाही कळतं. पण आमच्या कचेरीचा पाय पुन्हा कुणाच्या जाळ्यात आला नाही. वाचकहो, तुमच्याही घरात, शाळेत, कचेरीत एखादी मोडकी वस्तू कोपऱ्यात उभी असेल. नवी घेण्याआधी तिला एकदा उलटी करून बघा. हाडं चांगली असतील तर तिला विणणारे हात जवळपासच असतात.

परवा, म्हणजे नव्याण्णवच्या मार्चअखेरीला, भाऊ निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं झाली. मग त्यांनी गुरुदत्तला बाजूला घेतलं. भांडार आता त्याच्या ताब्यात होतं. भाऊंनी चाचरत विचारलं की एकशे सतरा मला विकत देता येईल का? घरी नेईन म्हणतो.

गुरुदत्तनं वही उघडली, मिटली.

"नाही देता येणार भाऊ. चालू वापरातली वस्तू विकायची नाही. तुम्हीच शिकवलंत."

भाऊ हसले. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "बरोबर आहे. मीसुद्धा दिली नसती."

ते माझ्यावर येऊन बसले. कचेरी सुटली, दिवे मालवले, बाबुराव किल्ल्या घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी हाक मात्र मारली नाही. भाऊंना उठायला त्या दिवशी फार वेळ लागला, आणि मी काही घाई केली नाही.