आखूड वात

प्रभूच्या नावात सगळ्या भावाबहिणींना जय ख्रिस्त. माझं नाव जानकू, मी डिंभ्याचा. मी दारू प्यायचो, बायकोला मारायचो, धरणात जिलेटिनच्या कांड्या फेकून मासे मारायचो. आता यातलं काहीच करत नाही. प्रभूची स्तुती असो.

ही साक्ष मी चार वर्षं देतोय. शिनोलीत लंकाबाईच्या पडवीत दर रविवारी आम्ही दहाबारा जण जमतो. गाव आम्हाला 'हालेलुयावाले' म्हणतं. साक्ष म्हणजे उभं राहून सांगायचं, आपण कोण होतो आणि प्रभूने कुठून उचललं. माझी दीड मिनिटात संपते. लंकाबाई म्हणते, "जानकूची साक्ष म्हंजी तलाठ्याचा दाखला. नाव, गाव, शिक्का."

माझ्यानंतर भगवंत उभा राहतो. त्याची साक्ष ऐकायला घोडेगावाहून माणसं येतात.

भगवंतची साक्ष:

"मला हात व्हते. नऊ वरसांमागं ह्या जानकूसंगट धरणावर गेलो. कांडी पेटवली आन हाव सुटली. म्हनलं, मासं जरा जवळ येऊं दे, मंग टाकू. धरून ठिवली. जास्तच धरली. हावंनं हात नेलं, उजवा कोपरापास्नं, डावा मनगटापास्नं. दोन वरसं घरात पडून व्हतो. बायकू मंगल घास भरवायची आन मी तिलाच शिव्या द्यायचो. मंग पास्टर आले. म्हनले, तुझी हाव बी प्रभूनं उचललीया. तवाधरनं मी हलका हाय. दोन हातांचं वजन बी कमीच की."

लोक हसतात, मग डोळे पुसतात. मीही पुसतो. मला या पडवीत हात नसलेल्या याच माणसाने आणलं.

पुन्हा सुरू करतो.

जय ख्रिस्त. माझं नाव जानकू. मी विहिरीच्या सुरुंगांवर कामाला होतो. कांड्या आणि वात तिथूनच चोरायचो. त्या दिवशी कांड्या दोन होत्या आणि वात एकच, वीतभर. ती दोघांत कापायची होती. मी कापली.

इथे थांबतो. एकटा असताना इथवर मी पुष्कळदा आलो आहे.

मोठा तुकडा मी माझ्या कांडीला लावला. आखूड तुकडा भगवंतच्या. तो फार आखूड आहे हे मला दिसत होतं. मनात म्हणालो, हा चपळ आहे, टाकेल. त्याने पेटवली, टाकायला हात मागे नेला आणि...

दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्याने विचारलं, "जानक्या, काय झालं रं?"

त्याला काही आठवत नव्हतं. मी म्हणालो, "धरून बसलास. लवकर टाकायचीस ना."

त्याने मान हलवली. त्याची हाव अशी झाली. मी दवाखान्यात उभ्या उभ्या केली, एका वाक्यात. पुढे त्याने त्या हावेचा पश्चात्ताप केला, खरा केला, रडून केला, आणि त्याला माफीही मिळाली.

यंदा माझा बाप्तिस्मा ठरला. जागा धरणाचीच. ती भगवंतने सुचवली, म्हणाला, "त्याच पान्यात बुडू दे आपलं सगळं." त्या आठवड्यात मी पास्टर सुदर्शनना गाठलं आणि वातीचं सांगितलं. ते मोटरसायकल पुसत होते. फडकं तसंच हातात राहिलं.

"मला बाप्तिस्मा देऊ नका," मी म्हणालो.

"प्रभूने माफ केलंय, जानकूभाऊ. ते झालं. आता भगवंतला सांगा."

"मंग भगवंतला कशापायी सांगू?"

"कारण ते त्याचं आहे. नऊ वर्षं तुम्ही ठेवून घेतलंय."

"त्यो माफ करल का?"

"ते ओझं त्याच्यावर टाकू नका. माफी मागायला जाऊ नका. सांगायला जा."

बाप्तिस्म्याच्या दिवशी मंगल खोडदला माहेरी होती, कांदे काढायला. म्हणून भगवंतला मीच घेऊन आलो. बाकीचे यायचे होते. तो काठावरच्या दगडावर बसला. पाणी बरंच खाली गेलं होतं, चिखल वाळून तडकला होता. मी उभ्यानेच सांगितलं, साक्ष देतात तसं.

त्याने पाय खाली चिखलावर टेकवले. मग म्हणाला, "किती व्हती?"

"काय?"

"माझी वात. किती व्हती?"

मी बोटावर दाखवलं. दोन पेरं.

"आन तुझी?"

मी अंगठ्यापासून तर्जनीपर्यंत दाखवली. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मला हात खाली घेता येईना.

"म्हंजी मी धरून बसलोच न्हवतो."

"न्हाई."

"मासं जवळ यायची वाट बगत न्हवतो."

"न्हाई. तू लगीच हात मागं नेला व्हता."

"मंग सात वरसं मी लोकांना काय सांगतुया?"

त्याने पायाने वाळलेल्या चिखलाची एक खपली उलटवली.

"हात गेलं त्येचं मी आवरलं व्हतं, जानक्या. आता रविवारी उभा राहून काय सांगू? मंगलला काय सांगू? तिला वाटतंया आपला नवरा हावरा व्हता, सुधारला. तिनं हावऱ्याला माफ केलंया. त्यो हावरा कोन व्हता?"

"मी."

"गप. तुला इचारलं न्हाई." त्याने डाव्या मनगटाने तोंड पुसलं. "मला माफ करायला लागल. ठावं हाय मला, इतरांना मीच शिकिवतो. पर आज न्हाई. कवा ते इचारू बी नको."

तेवढ्यात पडवीतल्या बाया आल्या, मागोमाग पास्टर. पास्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भगवंतकडे, आणि चपला काढल्या.

मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो. पास्टरांनी पाठीला हात दिला आणि मला पाण्याखाली नेलं. खाली काहीच ऐकू येत नाही. वर आलो तर बाया गात होत्या. गाणं एरवी भगवंत उचलतो. आज लंकाबाईने उचललं आणि फार वर उचललं, बाकीच्यांना ते पेलेना. मी काठाकडे पाहिलं. भगवंत दगडावर उलटा वळून बसला होता, पाण्याकडे पाठ करून. वर आल्यावर हलकं वाटतं असं सगळे सांगतात. माझे कपडे ओले होते आणि अंगाला चिकटले होते. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. प्रभूने मला घेतलं असेल. पास्टर खोटं बोलत नाहीत.

पास्टरांना दुसरीकडे प्रार्थनेला जायचं होतं, ते गेले. आम्ही धरणाच्या फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो. लंकाबाई, चार बाया, भगवंत आणि मी. अकराची गाडी साडेबारापर्यंत आली नाही. लंकाबाईने चिवडा काढला. भगवंतने खाल्ला नाही, नुसतं पाणी प्याला, तिने दोनदा पाजलं. मी लांब बसलो होतो.

थोड्या वेळाने तो उठला. खांबापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. रस्त्याने एक मोटरसायकलवाला आला, भगवंत पुढे सरकला, पण तो थांबला नाही.

"काय रं, मुंग्या लागल्या का?" लंकाबाईने विचारलं.

"न्हाई, मावशे."

रोज तो इलास्टिकची पँट घालतो, तिचं त्याला मनगटाने जमतं. आज पांढरा लेंगा होता, नाडीचा. मंगलने जायच्या आधी काढून ठेवलेला आणि सकाळी मीच बांधून दिलेला. त्याला लघवीला जायचंय हे मला कळलं होतं. मी उठलो नाही. मला उठायचा हक्क नव्हता.

शेवटी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "चल."

आम्ही करवंदीच्या जाळीमागे चढावर गेलो. नाडीची गाठ भिजून आवळली होती, लंकाबाईने पाजताना सांडलेल्या पाण्याने. सुटेना. 

"लवकर, राव."

मी दातांनी सोडवली. मग मान वळवून डोंगराकडे बघत राहिलो. त्याला वेळ लागला.

"ह्ये केलं म्हंजी माफ केलं आसं समजू नको," तो म्हणाला.

"न्हाई समजत."

"समजूच नको."

मी नाडी पुन्हा बांधली.

"लई घट्ट हाय."

मी सैल केली. तो उतरायला लागला. हात नसले की उतारावर तोल सावरत नाही. एरवी मी त्याचा खांदा धरतो. आज धरला नाही. तो एकेक पाऊल चाचपत खाली गेला, आणि मी त्याच्या दोन पावलं मागे. खाली बाया बसल्याच होत्या. एसटी अजून आली नव्हती.